न हलणारा आकडा

"आकडा आहे की मेलेली मुंगी? हल्लीच्या मीटरना उजेड म्हणून देत नाहीत."

बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेले साहेब स्वतःशीच करवादत होते. पण काकू त्यांच्या कोपराला खेटून उभ्या होत्या, त्यामुळे अक्षर न् अक्षर त्यांच्या कानावर पडलं. मीटर कालच आणलेला, कोरा करकरीत. आकडे अंगठ्याएवढे, आणि मागचा निळा उजेड असा की काकूंची नथ घालायची जागासुद्धा निळी दिसावी.

"स्वस्तातला निघाला हो," काकू म्हणाल्या.

साहेब म्हणजे साधी असामी नव्हे. पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले की आतले दुकानदार तराजू पुसायला लागत. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, खुर्ची गेली, शिक्का गेला, पण 'साहेब' मात्र चिकटून राहिलं. बायको, म्हणजे काकूही, पाठीमागे तेच म्हणायची. तिच्या तोंडी ते पदवीसारखं कमी आणि दुखण्यासारखं जास्त वाटायचं.

तर अशा माणसाची गाडी तीन महिने रोज दगा देत होती. रात्री उभी केली की सकाळी किल्ली फिरवावी तर नुसती टक-टक. बॅटरीवाल्यानं दोनदा बॅटरी बदलून दिली. तरी तेच. साहेबांनी वायरिंगवर संशय घेतला, हॉर्नवर घेतला, शेजाऱ्याच्या मांजरावरही घेतला. खऱ्या कारणावर तेवढा घेतला नाही. ते काकूंना ठाऊक होतं, कारण खरं कारण काकूच होत्या.

साहेब दुपारी लवंडले की त्या हळूच खाली जात. डिकीचं झाकण उघडून पुन्हा टेकवत, पण खटका लागू देत नसत. आत एक इवलासा दिवा जळत राही आणि बॅटरी बिचारी झुरत राही. हे सुरू झालं त्या सिमेंटच्या गोणीपासून. वळणावर रस्त्याच्या कडेला कुणीतरी एक गोणी उभी करून ठेवली होती. साहेबांनी गाडी थांबवली, हात हलवून तिला आधी जायला सांगितलं, आणि ती जाईना म्हणून काच खाली करून तिला शिस्तीवर चार शब्द सुनावले. काकू शेजारी बसून पदराशी खेळत राहिल्या. 'अहो, ती गोणी आहे,' एवढे चार शब्द त्यांच्या घशाबाहेर पडले नाहीत.

घरात बाकी सगळ्यावर बोलणं व्हायचं, डोळे सोडून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदा झिजलाय, चष्म्यानं भागायचं नाही, गाडी बंद करा. साहेबांनी निकाल दिला की त्या तक्त्यावरची खालची ओळच प्रमाणित मापाची नाही. घरच्यांनी माना डोलावल्या. गाडीच्या डाव्या अंगाला पोचा आला तेव्हा 'फाटकाचा खांब पुढे सरकलाय' असं ठरलं. त्या खांबाला घरात कुणी आजतागायत काही विचारलं नव्हतं.

आणि परवा नातीला पोहायला नेणारी व्हॅन बंद झाली. साहेब जेवताना म्हणाले, "सोमवारपासून मी नेईन तिला." मुलाला ठसका लागला. सुनेनं भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. नात टाळ्या पिटत उठली आणि आपला पोहण्याचा चष्मा गाडीच्या आरशाला अडकवून आली. आज शनिवार होता, आणि साहेबांनी चोर पकडायला मीटर आणला होता.

"नीट ऐक," साहेब म्हणाले. "गाडी बंद असताना आकडा पन्नासच्या आत हवा. वर असला तर आत कुणीतरी वीज पितंय. मी एकेक फ्यूज काढतो, तू आकडा सांग. ज्या फ्यूजला आकडा पडेल, तिथं चोर. किती आहे?"

"चारशे तीस."

"बघ! म्हटलं नव्हतं?" साहेब तिशीतल्यासारखे खुलले. मग बोटांनी चाचपत, मोजत त्यांनी पहिला फ्यूज उपसला. "आता?"

"चारशे तीस."

दुसरा, तिसरा, चौथा. चारशे तीस. काकू मनात म्हणत होत्या, आता तो डिकीचा नको यायला. सातवा फ्यूज निघाला आणि आकडा धाडकन अठरावर आला. मीटरवर पाल पडावी तशा काकू दचकल्या.

"किती?"

"चारशे तीस," काकू म्हणाल्या. आवाज जरा चिरकला, तेवढंच.

सोळाही फ्यूज बाहेर पडले. साहेबांनी वाकूनच आणखी काहीतरी चाचपलं. मग विचारलं, "आणि आता?"

"चारशे तीस."

साहेब सरळ झाले. त्यांच्या चिमटीत मीटरची लाल क्लिप होती, तारेसकट, हवेत लोंबकळत.

"क्लिप माझ्या हातात आहे," ते म्हणाले. "मीटरला आत्ता काही जोडलेलंच नाही. अगं, खरा काटा कधी गप्प बसत नाही, थोडा तरी थरथरतो. दहाव्या फ्यूजलाच कळलं मला. काटा इतका शहाण्यासारखा उभा राहिला की समजायचं, पारड्याखाली कुणाचा तरी अंगठा आहे. मी असे अंगठे पकडत आयुष्य घालवलं. माझ्याच घरात?"

काकूंनी खाली बघून सांगितलं, "डिकी मी उघडी ठेवते."

तेवढ्यात मुलगा आणि सून जिन्यावरून उतरले. ते मघापासून वरच्या खिडकीतून ऐकत होते हे त्यांच्या चेहऱ्यांवरच लिहिलं होतं. फाटकातून बॅटरीवालाही आला, खांद्यावर तिसरी बॅटरी घेऊन.

"डिकीचा दिवा एका रात्रीत बॅटरी झोपवत नाही," साहेब म्हणाले. "त्याला तीन दिवस लागतात. अजून कोण आहे?"

"बाबा, पार्किंगचे दिवे मी लावून ठेवतो," मुलगा म्हणाला. "ऑफिसला जाताना."

"दिवसाढवळ्या? आणि ते मला..." साहेब मध्येच थांबले.

सून म्हणाली, "मी फक्त आतला दिवा, बाबा. तोसुद्धा शनिवार-रविवारीच." हे तिनं अशा थाटात सांगितलं की जणू सुट्टीच्या दिवशी केलेलं पाप निम्म्यानं धरतात.

काकूंनी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. एकाच डब्यातून तिघांनी चोरून खावं आणि तिघांनाही वाटावं की डबा लहान आहे, असा प्रकार होता सगळा.

बॅटरीवाल्यानं खांद्यावरचं ओझं खाली ठेवलं. "साहेब, आता निघालंच आहे तर सांगतो. दोन्ही बॅटऱ्या जुन्याच होत्या. वरून पुसून दिल्या. या दादांनी सांगितलं होतं." त्यानं मुलाकडे बोट दाखवलं.

हे मात्र साहेबांच्या फार वर्मी लागलं. "जुना माल नवा म्हणून? माझ्या गाडीत?"

"ही तिसरी तर चालतच नाही," बॅटरीवाला अजिजीनं म्हणाला. "म्हटलं, एकदाचं निस्तरावं."

"पण का?" साहेब ओरडले. "चौघं मिळून एका बॅटरीच्या जिवावर का उठलात?"

"ट्रॅफिक फार वाढलंय, बाबा," मुलगा म्हणाला.

"तुमची पाठ दुखते ना," सून म्हणाली.

"धूरही असतो रस्त्याला," बॅटरीवाल्यानं हातभार लावला.

आणखी पाच मिनिटं असंच चाललं असतं तर दोष हवामानावर गेला असता आणि सोमवारी गाडी निघाली असती. काकूंनी काचेतून आत पाहिलं. आरशाला नातीचा छोटा निळा चष्मा लटकत होता.

साहेबांनी क्लिप पुन्हा बॅटरीला लावली नाही. चाचपडत काकूंचा हात शोधला, मीटर त्यांच्या तळहातात घट्ट दाबला आणि हळू आवाजात म्हणाले, "चाळीस वर्षं संसार केलास. एकदा तरी आहे ते वाच."

काकूंनी मीटरकडे पाहिलं. मग साहेबांकडे. ते त्यांच्याकडेच बघत होते, पण वीतभर बाजूला, त्यांच्या खांद्यामागच्या भिंतीकडे.

"शून्य आहे," काकू म्हणाल्या. "आणि अहो, तुम्हाला दिसत नाही. पोरगी तुमच्या गाडीत बसणार नाही."