महाराजांच्या घोडीची पाद्यपूजा

“चढली! बघा, चढली!”

घाटीच्या पायथ्याशी जमलेली अख्खी वाडी एका दमात ओरडली. रत्नागिरीच्या वेशीवरची ही जांभ्या दगडाची घाटी पावसाळाभर शेवाळलेली असते. वर देवळापाशी गाडीरस्ता, खाली वाडी, आणि मधल्या या उतारावर भलेभले आडवे होतात. अशा घाटीवरून एक ठेंगणी पांढरी घोडी टकाटक पावलं टाकत देवळापर्यंत गेली, वळली आणि तशीच खाली आली. पाठीवर साक्षात अश्वानंद महाराज. ते स्वतः जमिनीवर फारसे पाय टेकवत नसत.

“भक्तांनो,” महाराज गरजले, “पाय दगडावरून घसरत नाही, श्रद्धा कमी पडली की घसरतो! घोडीच्या खुरांना मी अंगारा लावला, बस्स. तोच तळव्यांना लावा आणि काठ्या इथे टाका. काठी म्हणजे काय? हातात धरलेला संशय!”

बघता बघता संशयांचा ढीग झाला. हौसाआजीने आपली लाल चिंधी बांधलेली काठी टाकली. एकाने अंगारा स्कूटरच्या टायरला चोळला आणि दुसऱ्याने, कशाला विषाची परीक्षा म्हणून, ब्रेकलाही चोळला. आणि मग हरिहरभाऊंनी पुढे होऊन रबरी बुचाची आपली काठी ढिगावर ठेवली, तीही कमलाबाईंच्या डोळ्यांदेखत.

हरिहरभाऊ म्हणजे त्यांचे यजमान. मागच्या पावसाळ्यात याच घाटीवर पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुन्हा पडलात तर अंथरूण सुटायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कमलाबाई जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. पण घरातला हा एक विद्यार्थी त्यांना कधी आवरला नाही.

“उद्या महाराजांच्या घोडीची पाद्यपूजा आपल्या पडवीत,” भाऊंनी घरी येताच जाहीर केलं. “आणि पूजा झाली की सगळ्यांच्या आधी मी घाटी चढणार. अनवाणी.”

“अहो, खुबा तुमचा आहे की महाराजांचा?”

“तुला सगळ्यातच शंका! देव उद्या समोर उभा राहिला तरी तू त्याचं वजन करशील.”

“करीन. पण तुम्ही चढू नका हो. मला भीती वाटते.”

भाऊंनी उद्यासाठी अंगाऱ्याची पुडी उशाशी ठेवली. हट्टाला पेटले की ते कुणाचं ऐकत नसत.

दुसऱ्या दिवशी पहाटे कमलाबाईंनी पडवी सारवली. पाहुणा म्हणून घोडी आली तरी पडवी सारवायला हवी. या बाबतीत त्या परंपरेच्या पक्क्या. शिष्यांनी ओलसर शेणावर तांबडं मखमली कापड अंथरलं. “मातेचे खूर फार नाजूक आहेत,” त्यांनी खुलासा केला. नाजूक खुरांची माता कालच दगडावर टकाटक चालली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पूजा झाली. पण गूळखोबऱ्याचं ताट राहिलं होतं पडवीच्या पार टोकाला. मातेने नैवेद्य पाहिला, मखमल सोडली आणि सारवणावरून थेट ताटात तोंड घातलं. शिष्य धावले, महाराज “हां हां हां” करत उठले. कमलाबाई मात्र खाली बघत राहिल्या.

सारवणात नालांचे ठसे उमटले होते, आणि प्रत्येक ठशाच्या दोन्ही टोकांना एकेक खोल भोक. असली भोकं त्यांनी नुकतीच पाहिली होती. गणपतीत आलेली त्यांची नात आर्या फुटबॉलचे बूट घालून याच पडवीत नाचली होती आणि आजीची बोलणी खाल्ली होती.

“महाराज, हे काय?”

“शेषनागाचे दंश, माई. माता पृथ्वीला पकडून चालते.”

तोवर लोक भाऊंना आणि घोडीला घेऊन घाटीकडे निघालेसुद्धा. कमलाबाई पदर खोचून मागे धावल्या. भाऊंनी चपला काढल्या, तळव्यांना अंगारा फासला आणि एक पाय उचलला.

“थांबा!” कमलाबाई अशा ओरडल्या, की वर्गातल्या त्या आवाजाने त्यांचे जुने विद्यार्थी जागच्या जागी ताठ झाले. “नासिर, घोडीचा पाय उचल.”

भाट्याच्या किनाऱ्यावर पोरांना घोड्यावरून फिरवणारा नासिर त्यांचाच विद्यार्थी. “मातेला शिवू नका!” म्हणत महाराज आडवे आले, पण मातेने नासिरला पाय आपणहून दिला. गूळ त्याच्याही खिशात होता.

नालाच्या टोकांना दोन पोलादी खुंट चमकत होते, बोल्टासारखे आटे पाडून बसवलेले.

“हे शेवाळ फोडून दगडात रुततात,” कमलाबाई म्हणाल्या. “चिखलात खेळणाऱ्याच्या बुटाला असतात तसेच. घोडीला अशी पकड देणं यात वाईट काहीच नाही, उलट शहाणपण आहे. वाईट एवढंच, की खुंट घोडीला आणि राख तुम्हाला. आता खुंट काढा, आणि अंगारा हवा तेवढा लावा.”

स्कूटरवाल्याने पाना दिला. नासिरने खुंट काढले. महाराजांनी नाइलाजाने चारही खुरांना मूठमूठ अंगारा फासला आणि पाठीवर बसून लगाम ओढला. घोडीने शेवाळावर एक पाय टेकला, तो जरासा सरकला, तशी तिने झटकन मागे घेतला आणि चारी पायांवर घट्ट उभी राहिली. महाराजांनी मंत्र म्हटले, मग टाच मारली, मग शिवीही दिली. घोडी हलेना. अंगाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

वाडी पोट धरून हसली. भाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या राखाडी तळव्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“कमल, चढलो असतो गो मी,” ते हळूच म्हणाले.

“माहीत आहे,” कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी ढिगातली रबरी बुचाची काठी काढून भाऊंच्या हातात ठेवली.

मग ढिगाभोवती झुंबड उडाली. जो तो आपापली काठी शोधू लागला. शिष्य गर्दीतून केव्हाच पसार झाले होते. महाराजांची गाडी मात्र वर देवळापाशी, आणि मधे घाटी. घोडीवरून उतरून त्यांनी दोन पावलं टाकली, हात पसरून तोल सावरला आणि पडेल आवाजात विचारलं, “आजी, जरा काठी मिळेल का?”

“घ्या की!” हौसाआजीने लाल चिंधीवाली काठी पुढे केली. “पन वर जाऊन परत धाडा हां. माजा संशय हाय तो.”

त्या रविवारी वाडीने घाटीचं शेवाळ खरवडलं आणि कडेला लोखंडी कठडा बसवायचं ठरवलं. तुमच्याही गावात कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याच्या पाया जरूर पडा. वाकलाच आहात, तर तळवाही बघून घ्या.