पायरी न सोडता

अमरीन नवोदयला लागली तर तिला वसतिगृह, पुस्तकं आणि दोन्ही वेळचं जेवण मिळणार होतं. नत्थुजी गुरुजींना त्याहून मोठं काही मिळणार होतं. उभ्या नोकरीत त्यांचा एकही विद्यार्थी तिथं लागला नव्हता, आणि निवृत्त मास्तरला अकोटात नमस्कार करायला लोक फार दिवस थांबत नाहीत. म्हणून गादीवाल्या अब्दुल गफ्फारच्या या पोरीला ते ओट्यावर फुकट शिकवत. फुकट, असं गावाचं म्हणणं.

"बसमंधी बेचाळीस लोक. एक तृतीयांश उतरले, पाच चढले. आता..."

"तेहतीस."

"कुठून आनलं?"

"आलं, गुर्जी."

"आलं म्हंजे? पाव्हना हाय का तो? काय देलं, काय पुसलं ते लिही. चित्र काढ. मंग क्रिया, मंग ताळा. पायरी सोडली का माणूस पडते."

अमरीन निमूटपणे बस काढायला लागली. चाकं, खिडक्या, कंडक्टरसुद्धा.

आतून कौशल्याबाई चहा घेऊन आल्या. "उत्तर बरोबर हाय ना? मंग काहून तंगवून राहिले लेकराले?"

"उत्तर चुकलं तरी पायरीचे गुण भेटतात."

"अन् बरोबर असलं त?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला. बायकोच्या प्रश्नाला बशी बरी पडते. नवोदयच्या परीक्षेत नुसते गोल काळे करायचे असतात, रीत कोणी पाहत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण गोल काय, कोणीही शिकवील. रीत त्यांची होती.

गफ्फारला दुकान सोडता येईना, म्हणून परीक्षेला अकोल्याला तिला गुरुजींनीच नेलं. परतीच्या एसटीत अमरीननं प्रश्नपत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली. ती खुशीत होती. समासभर बारीक अक्षर: काय दिलं, काय विचारलं. टाक्या, शेतं, आंब्याच्या पेट्या, ताळ्याखाली दोन रेघा. गुरुजी एकेक पान उलटत होते आणि त्यांची छाती भरून येत होती. शेवटची पानं मात्र कोरी निघाली.

"हे काहून सोडलं?"

"घंटी झाली ना, गुर्जी. पन पायरी एकबी नाही सोडली म्या."

"या गणिताचं उत्तर येत होतं का तुले?"

"हो, सगळ्याइचेच. वाचता वाचताच आले होते."

"मंग गोल काहून नाही भरले?"

अमरीननं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "चित्र काढल्याबिगर कसे भरू?"

गुरुजींनी प्रश्नपत्रिकेची घडी घातली. खरं सांगायची वेळ तीच होती. त्यांनी "शाबास" म्हटलं.

यादी लागली. त्यात अमरीन नव्हती. संध्याकाळी गफ्फार तिला घेऊन ओट्यावर आला.

"गुर्जी, तुमी दिल छोटा करू नका. तुमची मेहनत आख्ख्या मोहल्ल्यानं पाह्यली. पोरीचंच डोकं कमी पडलं."

"डोकं नाही कमी पडलं, गफ्फारभाई. उत्तरं येत होती तिले. म्याच अडकवलं."

गफ्फारनं दोन्ही हात कपाळाला लावले. "ये आपका बडप्पन है. दुसरा मास्तर असता त पोरीलेच बोलला असता."

"अरे, खरंच सांगून राहिलो..."

"बस, गुर्जी." त्याचे डोळे भरले होते. "तुमची गादी द्या. नवा कापूस भरून देतो. नाही म्हनू नका."

गुरुजींनी कौशल्याबाईंकडं पाहिलं. त्या आतून गादी आणि दोन उशा घेऊन आल्या. गफ्फारनं गादी गुंडाळून खांद्यावर घेतली.

"अमरीन," गुरुजी म्हणाले, "तुही चूक नव्हती व बाई."

"नाही गुर्जी," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली, "मी हळू हाव. अब्बाले म्हाईत हाय."

म्हणजे हिशेब असा झाला: रीत गुरुजींची, मान गुरुजींचा, आणि शेवटी खरं बोलले तेही त्यांच्याच जमेला गेलं. भरलं ते अमरीननं. ती दोन्ही उशा छातीशी धरून बापाच्या मागं ओट्यावरून उतरली.