सातव्यापुढची खूण

पलीकडच्या खोलीतून भिंतीवर टकटक झाली, तसे दादाने डोळे मिटले.

"आली," तो पुटपुटला आणि कागदावर लिहिलं, सोनेरी.

"बोलायचं नाही म्हटलं ना! जरा दम धर की," धाकट्याने दटावलं.

धाकटा अँप्लिफायर दुरुस्त करणारा. स्पीकरला महागडी वायर लावली की आवाज सुधारतो, हे खूळ त्याने कैक गिऱ्हाइकांच्या डोक्यातून काढलं होतं. वायर कुठली ते सांगायचं नाही, नुसत्या कानाने ओळखायला लावायचं. दहापैकी पाच बरोबर आली की माणूस आपसूक वरमतो. आज मात्र समोर सख्खा थोरला भाऊ होता.

वहिनी जाऊन वर्ष झालं होतं. टेपरेकॉर्डर नवा आणला तेव्हा तिने विचारलेलं "चालू झालं का हो?" एवढंच काय ते टेपवर उरलं होतं. मग दादाने स्पीकरला सोनेरी वायर आणली आणि सांगत सुटला, की त्या शब्दांआधी ती श्वास घेते. जुन्या वायरीतून तो येत नाही. त्याच्या मुलीने धसका घेतला.

"काका, तुम्हीच तपासा. भास निघाला तर बाबांना मी घेऊन जाते आणि हे घर बंद," तिने बजावलं होतं. दादानेही मान डोलावली होती.

म्हणून टेप आणि अँप्लिफायर घेऊन ती पलीकडे बसली होती. नाणं उडवून वायर निवडायची, भिंतीवर ठोकायचं आणि शब्दांआधीची तेवढी चार सेकंदं वाजवायची. इकडे स्पीकरसमोर दोघे भाऊ, हातात एकेक कागद.

दहा खेपा झाल्या. मुलगी आपला कागद घेऊन आली. दादाने दहाही ठिकाणी सोनेरी लिहिलं होतं.

"बाबा, सोनेरी चारदाच होती," ती हळूच म्हणाली. "जुनी पाचदा."

"नऊच झाल्या की," धाकटा म्हणाला.

"सातव्या वेळी एक काढली आणि दुसरी लावायची राहूनच गेली, काका. टेप फिरली, पण इकडे काही आलंच नसणार. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही."

"म्हणजे वायरीत काही नाही," दादा उठत म्हणाला. "पण ती दहाही वेळा आली रे. असो. कपडे भरतो."

धाकट्याचा कागद खिशात होता. तो कुणी मागितला नव्हता. श्वास ऐकू आला म्हणून केलेली एकच खूण त्यावर होती, सातव्यापुढे.

त्याने सगळी कारणं लावून पाहिली. दादाचा श्वास असेल, आपलाच असेल. पण सातव्या वेळी टेपची सळसळ नसल्याचं त्याच्या मुरलेल्या कानाला कळलं नव्हतं. आणि तो श्वास मानेपाशी इतका जवळ आला होता, की जागा द्यावी तसा तो किंचित सरकला होता.

गप्प राहिला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. त्याने कागद काढून पुतणीपुढे धरला.

"थट्टा करताय, काका?"

"मला थट्टा कधी जमलीय का? भास म्हणायचा तर माझाही म्हण. न्यायचं तर दोघांना ने."

दादा घडी केलेला शर्ट हातात घेऊन दारात थबकला.

मुलीने कागद हातात घेऊन ती खूण पाहिली. मग खुर्चीवर चढून तिने भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ काढलं, स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, परत येऊन दार हलकेच लावून घेतलं आणि त्यांच्याशेजारी कान देऊन बसली.