मामांचे पाचपानी अर्ज

मामांना दोन ओळींची चिठ्ठी लिहायला सांगितली, तरी ती पणजोबांपासून सुरू व्हायची. त्यामुळे अक्काच्या जन्माची नोंद मागवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं, तेव्हाच भाचीनं कपाळाला हात लावला होता.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण आणि या भाचीची आई. पोटच्या मुलीसकट साऱ्या घराची अक्काच. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. तिला जन्म देणारी आई बाळंतपणातच गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, मामा झाले, आणि पहिलीचं नाव घरातून असं पुसलं गेलं की ते सांगणारं आता कुणी उरलंच नव्हतं. डोळे मिटण्याआधी अक्काला ते एकदा कळायला हवं होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

जुन्या नोंदींच्या कचेरीतून पुन्हा तेच उत्तर आलं: 'अशी नोंद आढळत नाही.'

"झोपा काढतात लेकाचे!" मामा कडाडले. "पाच पानं लिहिली दरवेळी! आजोबांच्या घोड्याचा रंगसुद्धा कळवला."

"आपल्याला घोड्याची नोंद हवी होती का?" म्हणत भाचीनं अर्जाची नक्कल ओढून घेतली. घोडा होता, विहिरीवरून झालेला खटला होता, शाळेत मामांना मिळालेलं बक्षीसही होतं. अक्काची जन्मतारीख चौथ्या पानाच्या तळाशी अंग चोरून बसली होती. शेजारी आईचं नाव होतं. ते भाचीनं परत एकदा वाचलं.

"मामा, हे तर तुमच्या आईचं नाव!"

"मग?"

"मग त्या नावाखाली शोधून काय सापडणार त्यांना, कपाळ? अक्काची आई वेगळी होती ना?"

मामा चष्मा पुसायला लागले. "सावत्र हा शब्द मी जन्मात कधी लिहिला नाही. आता या वयात कचेरीला लिहू?"

भाचीला हसू आवरेना, आणि मामांवर मायाही दाटून आली. तिनं कोरा कागद घेतला. बाळाच्या वडिलांचं नाव, जन्मतारीख, गाव. 'आईचे नाव माहीत नाही, तेच कळवावे.' सोबत तिकीट लावून, घरचा पत्ता घातलेलं पाकीट.

"हा अर्ज आहे की वाणसामानाची यादी?" तोंड वाकडं करत मामांनी सही ठोकली.

उत्तर आठवड्याच्या आत दारात हजर. अक्कानं पाकिटाला कुणाला हात लावू दिला नाही. तिनं कागद वाचला. ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. मग घडी घालून तो तिनं मुठीत धरला.

"अगं अक्का, नाव काय?" मामांना दम निघेना.

"सांगेन कधीतरी," अक्का म्हणाली. "इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून लपवलंत, आता थोडे दिवस मी लपवते. तुझी आई आपण दोघांनी वाटून घेतली रे. ही माझी एकटीची आहे."