डावीकडे वळा, तिथे मी उभी

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. कांदिवलीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी कित्येक वर्षे जागची हललेली नाही, पण एके काळी माझा तोरा काय वर्णावा! हर्षदने मला आणले तेव्हा हार घातला, नारळ फोडला. त्याच्या मुलीची शाळा, गणपतीची आरास, गॅसचा सिलिंडर, सगळे मीच वाहिले. मग घरात चारचाकी आली. माझे टायर बसले, सीट फाटली, येणारेजाणारे मला खटारा म्हणू लागले. जिवाला फार लागायचे.

अशात मथुराकाकी आल्या. मालवणकडच्या गावाहून, मुलाकडे, सुबोधकडे, कायमच्या राहायला. इथल्या साऱ्या इमारती एका रंगाच्या, एका उंचीच्या. पहिल्या दिवशी भाजीला जाताना काकींनी गॅलरीत वाळणाऱ्या लाल साडीची खूण धरली. परत येईपर्यंत साडी वाळून घरात गेलेली! भर उन्हात गल्ल्या पालथ्या घालून बाई रडकुंडीला आल्या. "आई, आता एकटीने खाली उतरायचं नाही," सुबोधने बजावले. गावी चार वाड्या पायी फिरणाऱ्या काकींना कोंडून घातल्यासारखे झाले.

पण काकी हट्टाच्या. दुसऱ्या दिवशी उतरल्याच, आणि या खेपेला त्यांनी मला हेरले. माझ्यापाशी डावीकडे वळले की घर. मी धावत होते तेव्हा कोणाला रस्ता दाखवला नव्हता, बंद पडले आणि कोणाचे तरी घर माझ्यावरून सापडू लागले.

पावसाळ्यात मात्र माझ्या फाटक्या सीटखाली पाणी साचले, डास झाले. गल्लीत दोघे तापाने फणफणले. हर्षदने भंगारवाल्याला बोलावले, त्याचे काही चुकले नाही. टेम्पो आला तशा काकी आडव्या आल्या.

"हिका नेलास तर मी घराक कशी येतलंय?"

"काकी, लोकं आजारी पडतायत हो. मी सोडत जाईन ना तुम्हाला," हर्षद म्हणाला.

"माका कोणी सोडूक नको. जरा थांब."

काकी गल्ली न्याहाळू लागल्या. कोपऱ्यावरचे वाकडे बदामाचे झाड, त्यासमोरच्या खिडकीची मोरपंखी रंगाची जाळी. मग नाक्यापर्यंत गेल्या आणि मी दिसू नये म्हणून पदर आडवा धरून परत आल्या. पहिल्या खेपेला वळण चुकले. माझा जीव खालीवर! दुसऱ्या खेपेला बदामापाशी बरोबर वळल्या, थेट घराच्या दारापर्यंत. मग माझ्याकडे येऊन हँडलवर हात ठेवला.

"जा गो बाय. माका वाट गावली."

काय बाई ती! मित्रांनो, तुमच्या गल्लीत कोणी नवखे घुटमळताना दिसले तर नुसता इमारतीचा नंबर सांगू नका. झाड दाखवा, रंगीत जाळी दाखवा, आणि मग त्यांचे त्यांना चालू द्या. मला टेम्पोत चढवले तेव्हा काकी बाजाराकडे निघाल्या होत्या, एकट्या.