मुखरूचा सवाल

ब्रह्मपुरीहून जीपनं अर्ध्या तासावरच्या त्या गावात मुखरू बुरुडाइतका बोलका माणूस दुसरा नव्हता. सुपाचा काठ बांधता बांधता तो राज्याचा सगळा कारभार निकाली काढायचा. समोर बांबूच्या कमच्या सोलणारी त्याची बायको गुणाबाई म्हणायची, "तोंड आवरा जरासं." तीस वर्षं हेच चाललं होतं. नवऱ्याचं बोलणं तिला आवडायचं, पण तसं कबूल करणाऱ्यातली ती नव्हती.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात बुरुडांना वनखात्याच्या डेपोतून कार्डावर मिळणारा बांबू बंद झाला. जंगल कागद कारखान्याला दिलं, एवढंच उत्तर मिळालं. महिन्याभरानं गावात सभेला मंत्री आले. सगळे हात जोडून बसले होते, तेवढ्यात मुखरू उठला.

"साहेब, कारखान्याले बांबू आमच्यापरिस सस्ता काऊन? अन् आमाले तं तोही नाई. आमी पोट कायच्यावर भरावं?"

मंत्री हसून पुढच्या माणसाकडे वळले. संध्याकाळी पोलीस मुखरूला घेऊन गेले. म्हणे, हा जंगलातल्या बंदूकवाल्यांचा माणूस.

"कोंबडी कापाची झाली तं हा माणूस घराबाहेर जाते," गुणाबाई नूरुद्दीनभाऊला म्हणाली. नूरुद्दीन पोस्टाजवळ बसून लोकांचे अर्ज लिहायचा. त्यानं अर्ज लिहिला, ठाण्यात नेऊन दिला. पण कागदावर अटकच दाखवलेली नव्हती. मग जामीन तरी कशाचा मागणार?

उरलासुरला बांबू घेऊन गुणाबाई ठाण्यासमोरच्या कडुलिंबाखाली बसली. हवालदार म्हणाला, "बाई, इथी दुकान नोका मांडू."

"दुकान नाई, साहेब. घरी हात चालत नाई माहा."

त्यानं तिला बसू दिलं. थोड्या वेळानं कोठडीच्या खिडकीतून ओळखीचा आवाज आला, "गुणा, कमची जाड सोलून राह्यली तू." हवालदारालाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून नूरुद्दीनच्या बायकोनं, शकिलानं, पाठवलेला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण हवालदार स्वतः आत नेऊन द्यायचा.

आठव्या दिवशी ठाण्याच्या साहेबानं गुणाबाईला आत बोलावलं. मुखरूची दाढी वाढली होती, गाल बसले होते. टेबलावर हमीपत्र होतं: यापुढे सभेत बोलणार नाही, सरकारी धोरणाला विरोध करणार नाही. सही केली की लगेच घरी.

मुखरूनं पेन उचललं आणि बायकोकडे पाहिलं. "तू म्हणशील तसं, गुणा."

घरी न्यायचंच म्हणून तर ती आली होती. पण मान खाली घातलेला हा माणूस तिला आपला वाटेना.

"साहेब, घरी मी यायले गप करतो. तो आमचा नवराबायकोचा मामला हाय. सरकारले हे लेहून भेटणार नाई."

मुखरूनं पेन खाली ठेवलं.

बाहेर येऊन ती कडुलिंबाखाली बसली. "मीच त्यायले आत ठेवलं, भाऊ," म्हणून ती रडली. नूरुद्दीन तिच्याजवळ बसून राहिला. "वहिनी, आता कोर्टच," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं चंद्रपूरला वकिलाकडे गेला.

कोर्टानं विचारणा करताच, बाराव्या दिवशी भरदुपारी, मुखरूला सोडून दिलं. गुणाबाईनं पाणी तापवलं, त्याची पाठ चोळून दिली. तो बोलत होता, कोठडीतल्या ढेकणांपासून मंत्र्यांपर्यंत. ती ऐकत होती.

पुढे सगळ्या बुरूडवाड्यानं डेपोसमोर ठिय्या दिला. दिवाळीला कार्डं पुन्हा चालू झाली, बांबू मात्र आधीच्या निम्माच. कारखान्याचा भाव तोच राहिला.

"बाकीचा निम्मा कोणं नेला, ते विचारलं पाहिजे," मुखरू म्हणाला.

गुणाबाईनं पदर खोचला. "चला नूरुद्दीनभाऊकडे. यावेळी अर्जावर पयला अंगठा माहा."