तुडुमाखालच्या बांधीतली समाजसेवा

काल हेडमास्तरांनी माझ्या टेबलावर समाजसेवेचं रजिस्टर आणून आदळलं आणि म्हणाले, मॅडम, दहावीचा हा तास या वर्षी तुमच्याकडे. मी म्हटलं, भूगोल द्या, चित्रकला द्या, पोट्ट्यांची नाकं पुसायला द्या, पण हे मी घेणार नाही. ते हसले. त्यांना वाटलं, बाई कामचुकार आहे. वाटू द्या. दहा वर्षांपूर्वी याच विषयात मला 'अ' श्रेणी मिळाली होती. ती कशी मिळाली ते त्यांना सांगितलं तर जेवण जाणार नाही त्यांना.

आमचं गाव लाखांदूरहून एसटीनं अर्ध्या तासावर. गावाला मोठा तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची खाचरं. तलावाचं पाणी ज्या तोंडातून सोडतात त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. तुडुमाच्या लगतची बांधी म्हणजे पाण्याचा पहिला मान तिचा, आणि ती बांधी भय्याजींची. शाळाही भय्याजींचीच म्हणा ना. संस्थेचे अध्यक्ष ते, इमारत त्यांच्या जागेत, आणि मास्तरांच्या नोकऱ्या त्यांच्या खिशात. गावात असा एक माणूस असला की बाकीच्यांना मान वर करायला जागाच उरत नाही.

माझी आई आनंदाबाई रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, बायांची पुढारीण होती. कोणाच्या बांधीत कधी उतरायचं, कोणाची कंबर दुखते म्हणून तिला कडेला ठेवायचं, सगळं आई ठरवायची. बाबा तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायचे, महिन्यातून एकदा घरी यायचे. घर चालायचं ते आईच्या वाकलेल्या पाठीवर.

एकोणऐंशी साली मी दहावीत होती. त्या वर्षी रोवण्याच्या शेवटच्या दिवशी, त्याच तुडुमाखालच्या बांधीत, सत्यभामाबाई जरा कंबर सरळ करायला उभी राहिली. पन्नाशीची बाई. भय्याजींचा दिवाणजी श्रावण धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, छत्री घेऊन उभा होता. त्यानं मिटलेल्या छत्रीचं टोक तिच्या कमरेत खुपसलं. ती तोंडावर चिखलात पडली. उठली तेव्हा नाकातोंडात चिखल, आणि तो मेला हसत होता. त्याच्या आईच्या वयाची बाई, आणि हा दात काढतो.

बायांनी हातातल्या रोपांच्या उरलेल्या जुड्या लावल्या, कारण जुडी अर्धी टाकून कोणी निघत नाही. मग हातपाय धुतले आणि आईनं भय्याजींच्या दारात जाऊन सांगितलं की श्रावणानं तलावाच्या पाळीवर सगळ्यांसमोर सत्यभामाबाईला 'चुकलं' म्हणावं. एवढंच. नाही म्हटलं तर निंदणाला, तण काढायला, एक बाई तुमच्या बांधीत उतरणार नाही. भय्याजी पान चघळत म्हणाले, बघू. आई घरी येऊन म्हणाली की नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आपण नाक दाबून धरायचं.

आणि धरलं बायांनी. शेजारच्या दोन गावच्या बाया भय्याजींनी बोलावल्या, तर आई पायी जाऊन त्यांच्याशी बोलून आली आणि तिथूनही कोणी आलं नाही. रोवणा झाल्याला महिना होत आला, तुडुमाखालच्या बांधीत सावा, धानातलं तण, माजला. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ कण्या शिजत होत्या, पण आईची मान ताठ होती. भय्याजींनी दोनदा निरोप पाठवला की येऊन बोला. आई म्हणाली, बोलायचं आम्हाले नाही, श्रावणाले आहे. मला आईचा असा अभिमान वाटायचा की शाळेत जाताना मीच ताठ चालायची.

पंधरा ऑगस्टनंतरच्या सोमवारी उंबरकर सर वर्गात आले. समाजसेवा त्यांच्याकडे. माणूस अकोल्याकडचा, कापसाच्या मुलखातला. धान त्यांनी पाहिलं ते ताटात, तेही भात झाल्यावर. ते म्हणाले, उद्या आपल्याला एका शेतकरी बांधवाच्या शेतात निंदणाचं श्रमदान करायचं आहे, मजुरांअभावी त्याचं पीक धोक्यात आहे, यालाच समाजसेवा म्हणतात. शेत भय्याजींचं, तुडुमाखालचं, हे त्यांनी सांगितलं आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या आया त्या निंदणाला नाही म्हणून घरी बसलेल्या होत्या. मजुरांअभावी म्हणे! मजूर तिथंच तर होते, पाळीच्या पलीकडे, आपापल्या घरात.

मी उभी राहिली आणि म्हणाली, सर, मी येणार नाही. सरांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. समजावून म्हणाले की समाजसेवेची श्रेणी मी दिली नाही तर तुझा परीक्षेचा फॉर्मच पुढे जाणार नाही, अध्यक्षांनी यादी मागितली आहे, कोण आलं आणि कोण नाही. हुशार मुलगी आहेस, एका दिवसासाठी वर्ष वाया घालवू नको.

वर्ष वाया जाण्याची गोष्ट त्यांच्यासाठी एका वर्षाची होती. माझं तसं नव्हतं. बाबांनी सांगून ठेवलं होतं की पहिल्या झटक्यात दहावी निघाली तर पुढे शीक, नाही तर साकोलीकडचं स्थळ तयार आहे. म्हणजे त्या रजिस्टरातलं एक अक्षर नसलं तर मी पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी चूल फुंकणार होती.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. जाऊ नको असं ती म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही. मला वाटलं, तिनं एक शिवी तरी द्यावी. सकाळी डबा मात्र बांधून दिला, आणि पाठ फिरवून झाडायला लागली.

आम्ही बेचाळीस पोरं-पोरी रांगेनं तलावाच्या पाळीवरून गेलो. घराघरातून बाया बघत होत्या. सत्यभामाबाई तिच्या ओट्यावर बसली होती, तिनं नजर खाली केली. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. धुऱ्यावर श्रावण उभा, तीच छत्री हातात, आणि म्हणतो कसा, या या, तुमच्या मायाइले जमत नाही ते तुम्ही करा. उंबरकर सर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि आम्हाला म्हणाले, चला, गवत मुळासकट निघालं पाहिजे.

आता एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. सावा आणि धान कोवळेपणी जुळ्या बहिणींसारखे दिसतात. पात जिथं कांडाला चिकटते तिथं धानाला बारीक केस असतात, साव्याला तिथं काहीच नसतं, गुळगुळीत. बोट फिरवलं की कळतं. आमच्याकडे हे पाच वर्षांच्या पोरीला कळतं. अकोल्याच्या सरांना नाही कळत. आणि धुऱ्यावर छत्रीत उभं राहून दिवाणजीलाही नाही कळत, कारण त्याला कळायला वाकावं लागतं, आणि वाकायला त्यानं बाया ठेवलेल्या होत्या.

मी वाकली. पहिलं बोट फिरवलं, सावा होता. सोडून दिला. शेजारचं धान मुळासकट उपटलं.

हात हलका झाल्यासारखा वाटला, खरं सांगते. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. बाजूची मंगला माझ्याकडे बघतच राहिली. मी तिला डोळ्यानं खुणावलं. तिला समजलं. तिनं पलीकडच्या पोरीला कोपर मारलं. तासाभरात सगळ्या ओळीला समजलं होतं आणि बेचाळीस जणांचे हात धान शोधून शोधून उपटत होते. मधूनच कोणी तरी फिसकन हसायचं आणि खोकला काढायचा. सर वरून म्हणाले, वा, काय एकजूट आहे! आम्ही जुड्या बांधून धुऱ्याच्या कडेला पाण्यात रचल्या. श्रावण म्हणाला, उद्या गडी पाठवून गोठ्यात नेतो, ढोरं खातील. खाऊ देत, मी मनात म्हटलं, भय्याजीच्या ढोरांनी भय्याजीचं धान खाऊ दे.

शाळेत परत आल्यावर सरांनी व्हरांड्यातच रजिस्टर उघडलं. माझ्या नावापुढे हिरव्या शाईनं 'अ' लिहिला आणि म्हणाले, पाहिलंस, अवघड होतं का? मी म्हटलं, नाही सर, सोपं होतं.

मी घरी धावत गेली. धावत! आई दारात कण्या निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, कसं बोट फिरवलं, कसं मंगलाला खुणावलं, सर कसे वा वा म्हणाले. मला वाटलं आई हसेल. मला वाटलं, ती सत्यभामाबाईला हाक मारेल आणि सगळ्या बाया आमच्या अंगणात येऊन हसतील.

आईच्या हातातलं सूप खाली गेलं. तिनं विचारलं, "किती उपटलं?"

मी म्हटलं, अर्ध्याहून जास्त बांधी.

तिनं मला अशी थोबाडीत मारली की माझा कान वाजला. आईनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं. मी रडत म्हटलं, त्याच्याच तर बांधीत केलं, आपल्या थोडीच. तेव्हा ती बोलली, आणि आवाज चढवून नाही बोलली, तेच वाईट.

"बांधी त्याची असन. धान मी लावलं वं. हळदकुंकू वाहून पहिली जुडी म्या लावली. सत्यभामाबाई चिखलात पडली, तरी उठून हातातली जुडी लावून गेली. धानानं काय केलं होतं तुह्यं?"

वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं मी, आणि ते वांगं माझ्या आईच्या हातचं होतं. माझ्या डोक्यात भय्याजी होता, श्रावण होता, सर होते, रजिस्टर होतं. त्या बांधीत आईचे हात लागले आहेत हे मला माहीत होतं, पण ते माझ्या डोक्यात आलंच नाही. मजुराच्या पोरीकडून असं व्हावं? शेतमालकाच्या पोरीकडून झालं असतं तर एक वेळ समजलं असतं.

आईनं जुड्या कुठे आहेत ते विचारलं. मी सांगितलं, धुऱ्याच्या कडेला, पाण्यात. मुळं ओली असतील, ती स्वतःशीच म्हणाली. ऊन चढायच्या आत लावल्या तर धरतील. मग ती उठून सत्यभामाबाईच्या घरी गेली. काय बोलल्या ते मला माहीत नाही. आई परत आली तेव्हा तिची मान खाली होती, आणि महिनाभरात पहिल्यांदा मी ती तशी पाहिली.

पहाटे फटफटल्यावर आई निघाली. मागे सत्यभामाबाई, मग जनाबाई, मग एकेक करत चौदा बाया. मीही साडी खोचून मागे गेली, मला वाटलं, मीच उपटलं, मीच लावते. त्या बांधीत उतरल्या. आधी सावा काढायला लागल्या, आणि मोकळ्या जागी काल आम्ही उपटलेलं धान परत रोवायला लागल्या. सत्यभामाबाई त्याच कोपऱ्यात वाकली होती जिथं ती पडली होती.

ऊन पडेपर्यंत श्रावण आला. बांधीकडे बघून त्याला आधी समजलंच नाही की निंदलेल्या बांधीत या बाया काय करतात. मग त्याला वाटलं, समजलं. त्यानं छत्री धुऱ्यात रोवली आणि म्हणाला, "आल्या ना शेवटी? कोण चुकलं मग?"

कोणी वर बघितलं नाही. एकीनंही नाही. आईला सांगता आलं असतं की तुझ्या मालकाचं पीक मेलं होतं, आम्ही जगवायला आलो. पण ते सांगितलं असतं तर कोणी उपटलं ते विचारलं गेलं असतं, आणि बेचाळीस पोरांच्या श्रेण्या गेल्या असत्या. पहिली माझी. म्हणून आई गप्प राहिली, आणि तिच्यामुळे सगळ्या गप्प राहिल्या. मी पदर खोचून बांधीत पाय टाकला, तर आईनं हात वर करून मला तिथंच थांबवलं.

"तू शाळेत जाय," ती म्हणाली. "तुह्यी समाजसेवा झाली काल."

ते धान धरलं. दिवाळीनंतर कापलं, भय्याजींच्या घरात गेलं. श्रावण सत्यभामाबाईला 'चुकलं' कधीच म्हणाला नाही; ती तीन वर्षांपूर्वी वारली. त्या पहाटेनंतर कुठल्याही मालकाच्या दारात जाऊन आईनं काही मागितलं नाही. मी दहावी पहिल्या झटक्यात पास झाली, पुढे शिकली, मास्तरीण झाली. दहावीची सनद आली तेव्हा बाबांनी तिला काच करून घेतली आणि भिंतीवर लावली. आईनं ती वाचून दाखवायला सांगितली. मी सगळे विषय वाचले. समाजसेवेपाशी आली आणि ती ओळ सोडून दिली.

आईला वाचता येत नाही. पण तिनं विचारलं, "अन् ते?"

मी म्हटलं, अ. ती म्हणाली, बरं, आणि कामाला निघून गेली.